खांब हेस्कॉमचा, तार भावकीतली

वाचक लिहितात:

सप्रेम नमस्कार. बेळगावहून वेंगुर्ला रोडने जाताना आत लागणाऱ्या एका खेड्यात आम्ही राहतो. घरासमोरच्या खांबावर विजेच्या तारांखाली टीव्ही केबल आणि इंटरनेटच्या काळ्या तारांचा नुसता गुंता झालाय. त्यातल्या काही रस्त्यावर अगदी खाली लोंबतात. गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीत एक तार अडकली, ट्रॅक्टर तसाच पुढे गेला, खांब हलला. घरातले दिवे एकदम भगभगले आणि आमचा व शेजारच्यांचा टीव्ही, फ्रीज जळाला. लाईनमन म्हणतो, "ते नम्दल्ल री (आमचं नाही), केबलवाल्याचं." नेटवाला म्हणतो, हेस्कॉमला, म्हणजे इकडच्या वीज कंपनीला, विचारूनच बांधलंय. पंचायतीत गेले तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात, रस्ता पीडब्ल्यूडीचा. अडचण अशी की नेटवाला आमच्या भावकीतलाच, नात्यानं माझा पुतण्या. सासरे म्हणतात, एका रात्रीत कोयत्यानं सगळं साफ करतो. माझा भाऊ चंदगडला असतो. तो म्हणतो, आमच्याकडे महावितरणला अर्ज देतात तसा तूही दे. अर्ज कुणाला द्यायचा? मराठीत दिला तर घेतील का? जळालेल्या टीव्हीचं काय? ऊस तोंडावर आलाय.
– एक गृहिणी, बेळगाव तालुका

ताई,

सगळ्यात आधी सासऱ्यांचा कोयता माळ्यावर टाका. त्यांचा राग रास्त आहे, पण नेटच्या काळ्या तारेच्या आत किंवा शेजारी तिला पेलून धरणारी पोलादी तार असते. वर कुठे ती विजेच्या तारेला घासून सोललेली असेल तर खालपर्यंत करंट येतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय एका बाजूनं तोडलेली तार दुसऱ्या बाजूला झोका घेते, ती कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. कायद्याच्या बाजूनंही तुम्हीच अडचणीत याल. विजेची तार तोडणं हा वीज कायद्यात गुन्हा आहे, आणि दूरसंचाराच्या जाळ्याचं नुकसान केल्यास 2023 च्या दूरसंचार कायद्यात दंड आणि भरपाई दोन्ही आहेत. आज तक्रारदार आहात, उद्या आरोपी व्हाल. भावकीत ते चघळायला बरं, पण तुम्हाला परवडणारं नाही.

आता त्या दिवशी झालं काय, ते आधी समजून घ्या. तुमच्या अर्जाचा सगळा जोर त्यावरच उभा राहणार आहे. खांबाकडे खालून नीट बघा. सर्वात वर, आडव्या लोखंडी पट्टीवर चिनी मातीच्या टोप्यांवर तीनच उघड्या तारा असतील तर ती 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची लाईन, तिच्याशी घरांचा थेट संबंध नाही. त्याखाली एकाखाली एक चार-पाच तारा असतात. तीन फेज म्हणजे वीज आणणाऱ्या, एक न्यूट्रल म्हणजे परतीची, आणि असली तर रस्त्यावरच्या दिव्याची एक. त्यांच्याही खाली पुतण्याचा संसार. ट्रॉलीनं नेटची तार ओढली, ती खांबाला घट्ट बांधलेली होती म्हणून खांब हलला, आणि त्या हिसक्यात न्यूट्रलचा जोड निसटला किंवा तुटला असणार. न्यूट्रल शाबूत असतो तेव्हा प्रत्येक घराला 230 व्होल्ट मिळतात. तो तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत अडकतात. कुणाकडे दिवा मिणमिणतो, तर कुणाकडे दाब 400 च्या दिशेनं चढतो. दिवे भगभगले आणि पाठोपाठ टीव्ही, फ्रीज गेले, ही न्यूट्रल जाण्याची अगदी ओळखीची खूण आहे. म्हणजे ज्या तारेत वीजच नाही असं सगळे सांगतात, तिनंच ओढून तुमच्या घरात जास्तीची वीज आणून सोडली. लाईनमन "नम्दल्ल" म्हणाला, तरी तुटलेला जोड त्यांचाच होता.

म्हणून तार कोणाची याच्या मागे लागू नका. तार आज याची, उद्या तिसऱ्याची. धंदा विकला की तारेसकट विकला जातो, आणि बंद पडलेल्या कनेक्शनच्या तारा तर कोणाच्याच नसतात, तशाच लोंबतात. तुम्ही दोनच गोष्टी धरा: खांब कोणाचा आणि रस्ता कोणाचा. खांब हेस्कॉमचा आहे याबद्दल वाद नाही. मग पुतण्या "विचारून बांधलंय" म्हणतो ते खरं असो वा खोटं, दोन्हीकडून हेस्कॉमच अडकते. विचारून बांधलं असेल तर करार असेल, भाडं येत असेल. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 51 वीज कंपनीला आपल्या खांबांसारख्या मालमत्तेतून जोडधंदा करू देतं आणि त्या कमाईचा ठरलेला वाटा वीज वाहून नेण्याचे दर कमी करायला वापरायला सांगतं. म्हणजे ते भाडं थोडंफार तुमच्याही बिलाशी जोडलेलं आहे. न विचारता बांधलं असेल तर ती तार बेकायदा आणि आपल्या खांबावरून ती उतरवणं हे हेस्कॉमचंच काम. तिसरी शक्यता उरत नाही. अर्जात हे असंच दोन वाक्यांत लिहा: "या खांबावरील तारांना आपण परवानगी दिली असल्यास कराराची प्रत द्यावी, दिली नसल्यास त्या काढाव्यात." याला "आमचं नाही" हे उत्तर बसत नाही.

अर्ज हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला द्या आणि एक प्रत उपविभागाच्या सहायक कार्यकारी अभियंत्याला. त्यात तुमचा आर.आर. नंबर, जो बिलावर असतो, आणि खांबावर रंगवलेला नंबर हवाच. नंबर पुसला असेल तर जवळच्या टीसीचा (ट्रान्सफॉर्मरचा) नंबर घ्या. "आमच्या घरासमोरचा खांब" एवढ्यावर कुणी येत नाही, आणि आलंच तर दुसऱ्याच खांबाखाली उभं राहून "सगळं ठीक आहे" असा शेरा मारून जातं. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणाले तर गोडीत सांगा की साहेब येईपर्यंत बसते. 1912 वर फोन करून तक्रार क्रमांकही घ्या, पण फोनची तक्रार "लाईन पाहिली, चालू आहे" अशी मिटवता येते. कागदाचं तसं नसतं.

उंचीचं थोडं सविस्तर लिहिते, कारण हाच मुद्दा साहेबाला खुर्चीतून उठवतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार रस्ता ओलांडून जाणारी घरगुती दाबाची तार जमिनीपासून निदान 5.8 मीटर उंच हवी, म्हणजे साधारण 19 फूट. 11 केव्हीची असेल तर 6.1 मीटर. रस्त्याच्या कडेनं जाणारी असेल तर अनुक्रमे 5.5 आणि 5.8 मीटर. घराकडे येणारी सर्व्हिस वायरही यातच आली. ऊस खचाखच भरलेली ट्रॉली 4 मीटरच्या आसपास जाते. तिनं विजेच्या तारेला हात लावायचं खरं तर कारणच नाही. आता नेटच्या तारेला हाच आकडा लागतो का, यावर कचेरीत वाद घालत बसू नका. ट्रॉलीला अडकते म्हणजे ती वाहतुकीच्या आड येते. त्याला मोजपट्टी लागत नाही, आणि ती विजेच्या तारांना खाली ओढते हे तर तुम्ही भोगलंच आहे.

तरीही मोजायचं असेल तर बांबू लावून मोजू नका. गणपतीच्या मिरवणुकीत पोरं बांबूनं तारा वर उचलतात ते बघून आपल्याला वाटतं बांबूतून करंट जात नाही. ओला बांबू करंट नेतो, आणि गणपती पावसाळ्यात येतात. घरातल्या उंच माणसाला रस्त्याच्या कडेला तारेच्या ओळीत, पण तारेखाली नव्हे, उभं करा आणि पलीकडच्या शेताच्या बांधावरून सगळा खांब मावेल असा फोटो घ्या. माणूस साडेपाच फुटांचा आणि तार त्याच्या अडीच पट उंचीवर दिसत असेल तर ती 14 फुटांच्या जवळपास आहे, हे कोणालाही कळतं. दुसरा फोटो जोडाचा घ्या, मोबाईलचं झूम वापरून. जिथे काळी तार विजेच्या तारेला टेकली आहे, जिथे प्लास्टिक वितळलंय, तो. असा एक फोटो चार पानांच्या अर्जाला भारी पडतो.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वीज कायद्याच्या कलम 161 नुसार अपघातात माणूस किंवा जनावर दगावलं तरच विद्युत निरीक्षकाला कळवायचं असं नाही, दगावण्याची किंवा इजा होण्याची शक्यता होती अशा अपघाताचीही खबर द्यायची असते. ती देणं कंपनीचं काम. विद्युत निरीक्षक हे हेस्कॉमचे नोकर नव्हेत, राज्य सरकारचं ते वेगळं खातं आहे. तुमच्या गल्लीत रस्त्यावर तार ओढली गेली, खांब हलला, तुमच्या आणि शेजारच्या घरांतली उपकरणं जळाली. अर्जात एक ओळ घाला की या घटनेची खबर निरीक्षकाला दिली होती का, आणि प्रत निरीक्षकाच्या कार्यालयाला पाठवा. नोव्हेंबर 2023 मध्ये बेंगळुरूत फुटपाथवर पडलेल्या विजेच्या तारेवर पाय पडून एक आई आणि तिचं तान्हं बाळ गेलं, तेव्हा अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. तेव्हापासून "जीवितास धोका" हे दोन शब्द कागदावर असले की ते बाजूला सारायला हात जरा अडखळतो.

पीडीओंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रस्ता कोणाचा हे खरंच ठरवावं लागतं. वेंगुर्ला रोडसारखा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, गावातली गल्ली पंचायतीकडे, आणि खानापूरकडून लोंढ्याला, अनमोडला जाणाऱ्या वाचकांचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 748, त्याचं खातं आणखी वेगळं. पण "रस्ता पीडब्ल्यूडीचा" एवढं म्हणून पंचायत सुटत नाही. तुमचा अर्ज घेऊन तो पुढे धाडणं आणि तुम्हाला तसं लेखी कळवणं एवढं तरी तिनं करायला हवं. तुम्ही दोघांनाही द्या. रस्त्याच्या कडेला किंवा रस्त्यावरून नेटची तार न्यायची तर ज्याची जागा त्याची परवानगी घ्यावी लागते. आधी 2016 चे नियम होते, 1 जानेवारी 2025 पासून नवे लागू झाले. तार टाकताना झालेलं नुकसान दुरुस्त करून जागा पूर्ववत करण्याची जबाबदारी टाकणाऱ्याची. म्हणून बांधकाम खात्याला एकच विचारा: या रस्त्यावर तारा नेण्याची परवानगी कोणाकोणाला दिली? उत्तर बहुतेक "कोणालाच नाही" असं येईल, आणि तेच तुम्हाला हवं आहे.

उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकार आहे. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो 150 शब्दांत बसवायचा असा नियम आहे, म्हणून हेस्कॉमचा वेगळा आणि बांधकाम खात्याचा वेगळा करा. लांबलचक कैफियत लिहिली की तेवढ्याच कारणानं परत येते. माहिती 30 दिवसांत द्यायची असते; जीविताशी संबंधित असेल तर 48 तासांत. तुमच्या बाबतीत 48 तासांचा दावा टिकेलच असं मी म्हणणार नाही, पण मागायला काय हरकत आहे?

त्यातूनही कोणी हललं नाही, आणि ऊस सुरू झाला, तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. सार्वजनिक वाटेवरचा धोका हटवण्याचा हुकूम द्यायचा अधिकार त्यांना आहे. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम 133 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे. गल्लीतल्या दहा-बारा घरांच्या सह्या घेऊन जा. शाळेच्या बसचा ड्रायव्हर सही देत असेल तर त्याची पहिली घ्या.

भावाला सांगा की त्याचा सल्ला वाईट नाही, पत्ता चुकलाय. बाची ओलांडून शिनोळीत गेलं की महावितरण, अलीकडे हेस्कॉम. उंचीचे नियम, 1912, वीज कायदा दोन्हीकडे तेच, कारण ते केंद्राचे. कंपनी, तिचे साहेब आणि वर बसलेला नियामक आयोग मात्र वेगळा. हेस्कॉमवर समाधान झालं नाही तर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्याही वर बेंगळुरूला वीज लोकपाल. मुंबईच्या पत्त्यावर काही पाठवू नका.

भाषेचं. मराठीत द्या. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, आणि मराठी या राज्यात वापरली जात नाही असं बेळगावात बसून कोण म्हणेल? हक्क आहे तो सोडू नका. पण ताई, तार काढायची आहे आणि खांबावर चढणारा माणूस बागलकोटचा किंवा गदगचा असू शकतो. म्हणून मराठी अर्जाला कानडी अर्ध्या पानाचा गोषवारा टाचा: गाव, खांब नंबर, आर.आर. नंबर, काय करायचं. शाळेत शिकणारी तुमची मुलं तो लिहून देतील. हा माघार घेण्याचा मामला नाही. गोषवारा लाईनमनसाठी आहे, आणि मूळ अर्जावर सही मराठीतच राहील.

आता पुतण्या. अर्ज देण्याआधी, मागून नव्हे, त्याला घरी बोलवा. चहा द्या आणि खांबाचे फोटो त्याच्यासमोर ठेवा. त्याला म्हणा, "बाबा, तुझ्या परवानगीचा कागद दाखव." बहुतेक छोट्या नेटवाल्यांकडे मोठ्या कंपनीची फ्रँचायझी असते, टीव्ही केबल चालवत असेल तर त्याची नोंदणीही असेल; 2025 च्या आधी ती मुख्य पोस्ट ऑफिसात व्हायची, आता ऑनलाईन होते. पण धंद्याची नोंदणी म्हणजे खांबाची परवानगी नव्हे. हा फरक त्यालाही ठाऊक नसेल, आणि तो जाणून घेण्यात त्याचाच फायदा आहे. उद्या त्या तारेत अडकून मोटरसायकलवरचा कोणी पडला तर फ्रँचायझी देणारी कंपनी हात वर करील आणि पोलीस भावकीतल्या पोराच्याच दारात येतील. त्याला वेळ द्या, पण मोघम नको. तारीख ठरवा, ऊस सुरू व्हायच्या आतली. बंद कनेक्शनच्या तारा त्यानं स्वतः उतरवाव्यात, चालू असलेल्या एकत्र बांधून वर घ्याव्यात, तेही हेस्कॉमनं लाईन बंद करून दिल्यावरच. त्यानं ऐकलं तर अर्जात त्याचं नाव घालायची गरज नाही, कारण अर्ज खांबाबद्दल आहे. नाही ऐकलं तरी नाव घालू नका. नाव शोधणं हेस्कॉमचं काम आहे, आणि त्यांनी शोधलं म्हणजे तुम्ही चुगली केली असं लग्नकार्यात कुणाला म्हणता येणार नाही. तरी कोणीतरी म्हणेलच. भावकी आहे.

सासऱ्यांना मात्र एक काम द्या. तार तुटून पडली तर कोणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाड्या थांबवायच्या, 1912 ला सांगून लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काठीनंसुद्धा काही हलवायचं नाही. ओल्या जमिनीवर तारेच्या आसपास जमिनीतूनही करंट पसरतो. कोणी आधीच जवळ असेल तर त्यानं लांब ढांगा न टाकता पाय जोडून, घासत घासत मागे यावं. कोयता चालवण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि वयस्क माणसाचं गाव ऐकतं.

राहिला जळालेला टीव्ही. तो अर्ज पूर्ण वेगळा करा, तारेच्या अर्जात मिसळू नका, नाहीतर दोन्ही रखडतात. दुरुस्तीवाल्याकडून "जास्त दाबामुळे जळाला" असं लेखी आणि दुरुस्तीचं बिल घ्या. शेजाऱ्यांनाही घ्यायला लावा, कारण एकाच दिवशी शेजारशेजारच्या घरांत जळालं हाच सर्वात मोठा पुरावा. आधी हेस्कॉमकडे लेखी मागा. नाकारलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे: वीजपुरवठा ही ग्राहक कायद्यात सेवा मानली जाते, 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पैसे मिळतीलच अशी हमी मी देत नाही. टीव्ही जुना होता, अर्थिंग नव्हतं, असं काहीबाही निघेल. पण गेल्या हंगामातली घटना म्हणजे मुदतीतले बरेच महिने गेले आहेत, तेव्हा बिलं या आठवड्यात गोळा करा. जळालेला फ्रीज भंगारवाल्याला दिला नसेल तर अजून देऊ नका.